उजेडातली आंघोळ

दि. ११ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुझं पाकीट काल पोचलं. आत पत्र असेल म्हणून चष्मा पुसून बसले, तर निघालं एक गुलाबी पत्रक. ‘गेशांची गुपितं : स्वतःची काळजी, स्पर्शाचा आत्मविश्वास, स्त्रीत्वाचा नवा बहर.’ मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात एक ओळ, की ताई, मी नाव घातलंय, रागावू नकोस.

मी रागावले आहे.

छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासली, त्यामुळे मजकुराआधी मला चुका दिसतात. या पत्रकात मजकूर हीच चूक आहे. केसांत दोन काड्या खोचलेली एक बाई पंख्याआडून डोळे मिचकावते आहे आणि खाली लिहिलंय की सात आठवड्यांत तुम्हीही अशा व्हाल. कशाला व्हायचं?

तू सत्तावन्न वर्षांची आहेस. सप्टेंबरात तुझ्या छातीचं ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली. पुढच्या औषधांनी केस गेले, ते आत्ता कुठे नखाएवढे आलेत. सहा आठवडे मी तुझ्याकडे राहून तुझी पथ्यं सांभाळली, ती काय या दिवसासाठी? डॉक्टरांनी तुला विश्रांती सांगितली आहे. बहर सांगितलेला नाही.

मेहुणे मेच्या पहिल्या आठवड्यात जहाजावरून उतरतील. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी तुला पाहिलेलं नाही. ते निघून यायला तयार होते, तूच हट्टाने येऊ दिलं नाहीस. आता तुला धास्ती वाटते हे मला न सांगता कळतं. पण म्हणून पुरुषांना रिझवणाऱ्या बायांचे धडे गिरवायचे? आपल्या वसतिगृहाच्या मदर सुपीरियरच्या कानावर गेलं असतं, तर तिने तुला आठवडाभर गुडघ्यांवर बसवलं असतं, आणि तुझ्यावर लक्ष ठेवलं नाही म्हणून मला शेजारी.

नाव काढून घे आणि तसं कळव. या पत्रात राग वर आहे, लोभ तळाशी आहे. दोन्ही पोचावेत.

तुझी ताई


दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. तुझं पत्र दुकानात उघडलं आणि इतकी हसले की समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, त्याला चष्म्याची फ्रेम शोभत नाहीये. बिचाऱ्याने ती लगेच काढून ठेवली.

नाव काढलेलं नाही. पत्रक हॉलच्या मालकिणीने छापलं. ते पाहून आमच्या शिकवणाऱ्या बाई तुझ्याइतक्याच संतापल्या होत्या. बाई तुझ्याच वयाच्या, जीभही तुझ्याच वळणाची. आयुष्यभर नाटकमंडळ्यांत रंगभूषा केली. मधली तीन वर्षं जपानात होत्या, एका म्हाताऱ्या, निवृत्त गेशेच्या घरी खोली घेऊन. त्या सांगतात, गेशा म्हणजे कलेवर जगणारी. लहानपणापासून गाणं, वाद्य, नाच, संभाषण, अगदी चहा ओतताना बाही कशी धरायची तेसुद्धा शिकायचं. पुरुष रिझतो तो शेवटी, आणि तोही चुकून. आधी आपण आपल्या अंगात राहायला शिकायचं, पाहुणे मागाहून.

आम्ही सात जणी आहोत. माझ्या शेजारी बसते ती बसमध्ये कंडक्टर आहे, तिला म्हणे अंग चोरून उभं राहायची इतकी सवय झालीय की घरच्या खुर्चीतही ती अर्धीच बसते. पहिल्या दिवशी आम्ही फक्त बसणं, उठणं आणि दार दोन्ही हातांनी सरकवून उघडणं एवढंच केलं. हसू नकोस. मी सत्तावन्न वर्षं दारं कोपराने उघडत आले, हे मला त्या दिवशी कळलं.

घरचा अभ्यास मात्र अवघड निघाला. मलमलीच्या पिशवीत तांदळाचा कोंडा भरायचा, ती कोमट पाण्यात भिजवायची आणि अंगावरून फिरवत चाळीस मिनिटं आंघोळ करायची. दिवा लावून. मी चार मिनिटांत बाहेर आले.

ताई, सप्टेंबरपासून मी दिवा मालवून आंघोळ करते. पाणी पडतं ते कुणा दुसरीच्या अंगावर पडल्यासारखं. दिवसभर मी लोकांपुढे आरसा धरते, ही शोभते, ती शोभत नाही सांगते. माझ्याकडे आरशाची पाठ असते, म्हणून जमतं.

मेमध्ये हे येतील. मी दिवा मालवला तर हे काही म्हणायचे नाहीत, त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. आणि मग तो दिवा आमच्या खोलीत पुन्हा लागायचा नाही. मला त्याची भीती वाटते, आजाराची वाटली नव्हती इतकी. मला ह्यांच्यासमोर उजेडात उभं राहायचंय. दहा आठवडे उरलेत.

रागावलीस तरी पत्र लांबलचक लिही. तुझ्या रागावर माझी माया आहे.

तुझी बारकी


दि. ३ मार्च

चि. बारकीस,

अ. उ. आशीर्वाद. वि. वि. तुला खोटं पाडायला मी वाचनालयात गेले. तिथल्या बाईंना म्हटलं, गेशांवरचं जे काही असेल ते द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नोकरीला अर्ज करते आहे. तीन दिवस बसून वाचलं.

तुझ्या बाई खरं सांगतात. मी त्या बायांना जे समजत होते ते त्या नव्हेत. हे वाक्य लिहायला मला एक दिवस लागला, तेव्हा ते जपून ठेव. पुन्हा मिळायचं नाही.

पण त्या पत्रकाची आता धडगत नाही. चित्रातल्या बाईने झग्याची उजवी बाजू डावीच्या वर घेतली आहे. तसा झगा तिकडे फक्त प्रेताला घालतात! त्या मालकिणीला सांग, बहर आणायला निघालात आणि बाई मेलेली छापलीत. मी पत्रकावर लाल शाईने खुणा केल्या आहेत, सोबत पाठवते आहे. नेऊन दे.

आता तुझ्या आंघोळीविषयी. वसतिगृहातलं आठवतं ना? शनिवारी रांग, अंगात घोट्यापर्यंतचा सदरा, सदऱ्यावरूनच पाणी, सदऱ्याच्या आतूनच साबण, आणि दाराबाहेर घंटा घेऊन सिस्टर. तीन मिनिटं झाली की घंटा. सदरा मी नोकरी लागल्यावर सोडला. तीन मिनिटं मात्र अजून सोडलेली नाहीत, आणि माझं काही अडलं नाही. अंग धुवायचं, पुसायचं, झाकायचं आणि कामाला लागायचं. चाळीस मिनिटं त्याच्याशी गप्पा कसल्या मारायच्या?

गाळण्याने वाक्य सुधारतं, बारके. चौतीस वर्षांत मी जितकं गाळलं तितकं चांगलं छापलं गेलं. काही गोष्टी उजेडात नेल्याने बऱ्या होत नाहीत. मेहुण्यांची काळजी तू करू नकोस, ते समजूतदार आहेत.

कोंड्याने पुरळ येत नाही ना, ते बघ. कळावे, आणि लोभाला खाडाखोड नसावी.

तुझी ताई


दि. १७ मार्च

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. तुझं पत्रक बाईंना दाखवलं. त्यांनी ते हॉलच्या दारावर चिकटवलंय, तुझ्या लाल शाईसकट. मालकीण बोलेनाशी झाली आहे. बाई विचारतात, या ताई कधी येणार?

आंघोळ अठ्ठावीस मिनिटांवर आली आहे. पुरळ नाही. उलट कोपरं इतकी मऊ झालीत की टेबलावर टेकली की घसरतात.

गेल्या वेळी मानेचा धडा झाला. गेशा चेहरा पांढरा रंगवतात, पण मानेमागे त्वचेच्या दोन उघड्या पट्ट्या ठेवतात आणि कॉलर मागे ओढून घेतात. सगळं झाकलेलं, आणि तेवढं उघडं. मग बाईंनी एक जुना झगा दाखवला. बाहेरून राखाडी, साधा, आपल्या शाळेच्या गणवेशासारखा. उलटला तर आतल्या अस्तरावर अख्खा बगिचा रंगवलेला. घालणारीशिवाय तो कुणाला दिसत नाही. त्या म्हणाल्या, दाखवायचं थोडं, पण असायला हवं सगळं.

ते ऐकून मला काय झालं कोण जाणे, मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ऑपरेशन, दिवा, ह्यांचं येणं. कुणी च्च च्च केलं नाही. कंडक्टरीणबाईंनी फक्त माझी पिशवी आपल्या मांडीवर घेतली. बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, “गेलं काय ते तू बरोबर सांगितलंस. आता उरलंय काय, ते घरी जाऊन बघ आणि मला सांग.” मग मला खाली बसवून त्यांनी माझ्या मानेवर कुंचला फिरवला. केस एवढेसे आहेत, त्यामुळे माझी मान अख्खी दिसते. कुंचला गार होता. हातात सुई किंवा पट्टी नसताना सहा महिन्यांत मला कुणी पहिल्यांदाच हात लावला होता.

रविवारी दुपारी दार लावून मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. वर्णन करते, कारण तुला ते कुणीतरी सांगायला हवं. काखेपासून मधल्या हाडापर्यंत एक रेघ आहे, जांभळट, एका टोकाला चुणी पडलेली. त्या बाजूला छाती सपाट, लहान मुलीच्या छातीसारखी. उजवी बाजू होती तशीच, थोडी एकटी. खांदे चांगले आहेत गं माझे. ते मला ठाऊकच नव्हतं.

आता एक विचारते. सहा आठवडे तू रोज माझी पट्टी बदललीस. एकदाही चुकली नाहीस, एकदाही दुखवलं नाहीस. पण प्रत्येक वेळी तू भिंतीकडे बघत होतीस. बोटांनी चाचपडत पट्टी लावायचीस आणि डोळे कॅलेंडरवर. मला वाटलं, तुला किळस येते. सख्ख्या बहिणीला पाहवत नाही, तर ह्यांना कसं पाहवेल? दिवा मी तेव्हापासून मालवायला लागले.

भांडण म्हणून लिहीत नाही. माया आहे म्हणूनच विचारतेय, ती तशीच राहू दे.

तुझी बारकी


दि. २५ मार्च

चि. बारकीस,

आशीर्वाद. किळस नाही. आधी एवढं वाच, मग पुढचं.

वसतिगृहात दुसरी मुलगी कपडे बदलत असली की भिंतीकडे तोंड करायचं, हा नियम होता. तू लहान होतीस, तुला तो मीच शिकवला. मला वाटलं, मी तुझी लाज राखते आहे. ऑपरेशननंतरही तू मला पूर्वीइतकीच आहेस, हे मी तुझ्याकडे न बघून सांगत होते. असं काही सांगता येत नाही, हे आता अडुसष्टाव्या वर्षी मला कळतंय. दोन दिवस मी त्या नन्सवर मनसोक्त चिडून घेतलं. मग लक्षात आलं, त्यांना जाऊन युगं लोटली आणि नियम मी पाळत होते.

अजून एक आहे. हे तू बसून वाच.

जानेवारीत मी मेहुण्यांना पत्र लिहिलं, कंपनीच्या कार्यालयामार्फत, पुढच्या बंदरावर पोचेल असं. त्यात सात सूचना होत्या, क्रमांक घालून. घरी आल्यावर सामान लहान खोलीत ठेवावं. झोप लागत नाही असं काहीतरी कारण सांगावं. ती कपडे बदलत असेल तर खोलीबाहेर जावं. दिवा आपण होऊन लावू नये. ऑपरेशनचा विषय काढू नये. तिच्याकडे रोखून बघू नये. आणि हे पत्र आल्याचं तिला कळू देऊ नये. महिन्याभराने त्यांचं कार्ड आलं. एकच ओळ : सूचना मिळाल्या, पाळीन. मी ते कार्ड किती कौतुकाने ठेवून दिलं होतं, काय सांगू.

तुझं पत्र मिळाल्या दिवशी मी कार्यालयात जाऊन दुसरं पत्र देऊ लागले. ते म्हणाले, जहाज आता मधे कुठे टपाल घेणार नाही, एकदम मेमध्ये लागेल. चूक छापून झाली की छापखान्यात शुद्धिपत्र लावतात. इथे तेही लावता येत नाही. तुझा त्यांचा फोन होतो तेव्हा तूच सांग, की ताई मूर्ख आहे, तिचं ऐकू नका. हेच शब्द वापर.

लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही.

ताई


दि. १ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. मी त्यांना काही सांगणार नाही. फोन जहाजावर चार माणसांच्या मध्ये असतो, आणि तुझ्या सूचना रद्द करायचं काम माझं नाही. माझ्या घरात दिवा कुणी लावायचा हे तू जानेवारीतच ठरवून मोकळी झालीस, मला विचारलंही नाहीस. मला बरं वाटावं म्हणून तू आजवर मला जे जे विचारलं नाहीस, त्याची यादी मोठी होईल.

ह्यांनी ‘पाळीन’ लिहिलं म्हणतेस. म्हणजे पाळतील.

तूर्त पत्र लिहू नकोस. औषधं वेळेवर घेते आहे.

बारकी


दि. १६ एप्रिल

चि. बारकीस,

आशीर्वाद. लिहू नकोस म्हणालीस, पंधरा दिवस लिहिलं नाही. यापेक्षा जास्त माझ्याने होत नाही.

क्षमा मागायला लिहीत नाही, ती स्वस्तात मिळाली तर मलाच आवडायची नाही. फक्त एक बातमी देते. मी कोंड्याची पिशवी शिवली. दिवा लावून एकोणीस मिनिटं आंघोळ केली. आठव्या मिनिटाला मला दाराबाहेर घंटा ऐकू आली, शपथेवर सांगते. मी मोठ्याने म्हटलं, वाजवा. शेजारीण विचारायला आली, काय वाजवायचंय.

माझ्या डाव्या पोटरीवर एक तीळ आहे. तो तिथे किती वर्षं आहे, मला माहीत नाही. इतकंच.

उत्तराची घाई नाही, वाट मात्र आहे.

तुझी ताई


दि. १२ मे

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. हे चार तारखेला आले.

दारात त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चौकटीकडे, मग बूट काढायला खाली वाकले ते कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले. नंतर बॅग उचलून लहान खोलीत गेले. म्हणाले, कानात इंजिनाची घरघर बसलीय, कूस बदलत राहतो, तुझी झोपमोड नको. एका दमात म्हणाले, पाठ केल्यासारखं. वाक्य कुणाचं ते मला ठाऊक होतं, तरी लागलं.

पुढे चार दिवस आम्ही एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागलो. मी खोलीत कपडे काढायला गेले की हे नळ बघायला निघायचे. घरातले सगळे नळ दुरुस्त झालेत, बिघडले नव्हते तेही.

तुझी सूचना पाळतायत की मी नकोशी झालेय, हे मला ओळखता येईना. दोन्हीचं तोंड सारखंच दिसतं, ताई. तेच तर तू केलंस.

रविवारी सकाळी अकरा वाजता मी आंघोळ केली, पुरती चाळीस मिनिटं. मानेला तेल लावलं. अंगात माझा साधा राखाडी गाऊन घातला. हे लहान खोलीत वाचत बसले होते, खिडकीतून ऊन आत आलं होतं. दार मी दोन्ही हातांनी उघडलं, शिकवलं तसं. खांदे मी खाली पडू दिले नाहीत. उन्हात जाऊन उभी राहिले आणि गाऊन खांद्यावरून सोडला. म्हटलं, “बघा.”

हे भिंतीकडे बघत म्हणाले, “ताईंनी सांगितलंय...”

मी म्हटलं, “ताईंचं प्रूफ मी परत केलंय. बघा.”

तर ह्यांना चष्मा सापडेना. वाचत होते तो जवळचा, लांबचा बाहेर टेबलावर. मी, चष्म्याच्या दुकानातली बाई, उन्हात तशीच उभी, आणि नवरा चष्मा शोधतोय. मला हसू आलं. गेले कित्येक महिने ज्या क्षणाला भीत होते, त्या क्षणी मी हसत होते. मग ते आले. जवळ येऊन खूप वेळ पाहिलं, यंत्राचं झाकण उघडून बघतात तसं, घाई न करता. हात लावू का विचारलं. मी हो म्हटलं. रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, “टाके सरळ घातलेत.” एवढं बोलून पलंगावर बसले आणि रडायला लागले.

नंतर कळलं ते सांगते, कारण तुला ते कळायला हवं. त्यांना वाटलं होतं, अक्षर तुझं पण शब्द माझे. मीच तुझ्याकडून लिहवून घेतलं, की आता लांब राहा. तीन महिने ते समुद्रावर हेच घेऊन फिरत होते, की बायकोला आपण नकोत. आणि तरी ‘पाळीन’ लिहिलं.

पुढचं लिहीत नाही. सगळंच प्रुफाला पाठवायचं नसतं. बॅग मोठ्या खोलीत आली आहे.

सगळं पूर्वीसारखं झालंय असं समजू नकोस. झोपेत ह्यांचा हात डाव्या बाजूला लागला की मी दचकते, आणि मी दचकले की तेही. पण आमच्या खोलीत दिवा लागतो.

तुझ्यावरचा राग संपलेला नाही, तो मी सावकाश संपवणार आहे. तोवर माया चालू ठेव.

तुझी बारकी


दि. १९ मे

चि. बारकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. पत्र चार वेळा वाचलं. एकही खूण केली नाही.

मेहुण्यांना सांग, मी त्यांच्यावर भयंकर संतापले आहे. तीस वर्षांत ज्या माणसाने माझं एक अक्षर ऐकलं नाही, त्याने नेमकं हेच बरं ऐकलं? आणि त्यांना सांग, ते तीन महिने माझ्यामुळे गेले. ते मला परत करता येत नाहीत, हे मला माहीत आहे.

रागाची घाई करू नकोस. तो नीट संपव.

काल मी कपाट आवरत होते, त्यात तुझ्या आजारपणाची वही निघाली. सहा आठवड्यांची. ताप किती, औषध कधी, जेवण किती, पट्टी केव्हा बदलली, सगळं तारीखवार, सुवाच्य, एकही चूक नाही. शेवटच्या पानापर्यंत वाचली. जी गोष्ट पहिल्या दिवशी पहिल्या ओळीत असायला हवी होती, ती कुठेच नाही, कारण ती मी तुला विचारलीच नव्हती.

आता विचारते. बारके, दुखतं का गं? तेव्हा कसं दुखायचं, अजून दुखतं का, कुठे, कशाने, रडू येतं का? सावकाश लिही, कितीही पानं होऊ देत. काही गाळू नकोस.

तुझी ताई